इंद्रभानच्या पोटातला प्रवासी

"तुमी त्या बाईकडं झोपाले जाता अन् वरतून मलेच अक्कल सांगता?"

"झोपाले नाई जात. कितीक बार सांगू? त्याले झोप म्हणत नाईत."

"डोळे मिटून खुर्चीत पडता, तोंड उघडं टाकता. आमच्या माहेरी त्याले झोपच म्हणतात."

"तोंड उघडं कोण सांगतलं तुले?"

"सांगाले कशाले पाह्यजे? रोज घरी कानात ते घालून पडता तवा दिसते ना मले. अर्पितानं फोटो काढून ठेवला हाय."

"गीता, आवाज कमी कर. शेजारचे ऐकून राह्यले."

"ऐकू द्या. तुमचं पोट तसंबी अख्ख्या देऊळगाव राजाले ठाऊक हाय!"

हे वर्मी लागलं. इंद्रभान मांटे हात धुऊन पानावर येऊन बसला. गीताबाईलाही बोलून झाल्यावर जरा जास्त झालं असं वाटलं, पण तिनं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. तिनं ताट वाढलं, आणि ताटाशेजारी एक कागद सरकवला. पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर चटणीचा डबा ठेवला. बारावीतल्या अर्पितानं वळणदार अक्षरात लिहिलेला अर्ज होता तो. विषय: कायमस्वरूपी हलके काम मिळणेबाबत.

"सही करा. मंग जेवा."

"नाई करत."

"मंग सोमवारी लाईनवर जाल?"

"हाव. जाईन."

"अन् अंढेऱ्याच्या अलीकडं पुन्हा..."

"गीता!"

तिनं वाक्य तोडलं. या घरात ते वाक्य पाच वर्षांत कुणी पूर्ण केलेलं नव्हतं.

इंद्रभान एसटीत कंडक्टर. आगार चिखलीचं, पण घर देऊळगाव राजाला, म्हणून मुक्कामी गाडीची पहाटेची फेरी अठरा वर्षं त्याचीच. सव्वापाचला सुटायची, मही, अंढेरा, मेरा करत चिखली आणि पुढे बुलढाणा. रोजच्या माणसांना त्यानं कधी 'कुठं?' असं विचारलं नाही. मास्तरीणबाई चढल्या की चिखली, दूधवाला चढला की मेरा चौकी. एखाद्या म्हातारीनं कनवटीला हात घालायच्या आत तिच्या हातात तिकीट असायचं. एक घंटी दिली की गाडी थांबायची, दोन दिल्या की निघायची. त्या दोरीवर इंद्रभानचा हात पडला की ड्रायव्हर अर्जुनराव आरशात बघायचाही नाही. 'इंद्रभानची घंटी म्हणजे रस्ता मोकळा,' असं तो कँटीनमध्ये सांगायचा.

मग पोट बिघडायला लागलं. आधी कधीमधी, मग आठवड्यातून चारदा. कळ यायची आणि थांबायचं नावच नाही. एका बाजाराच्या दिवशी गाडी खचाखच भरलेली होती. मही सुटलं, आणि अंढेरा यायच्या आत इंद्रभाननं एक घंटी दिली. थांबा नाही, फाटा नाही, दोन्हीकडं तूर. अर्जुनरावानं दचकून ब्रेक मारला. इंद्रभान गळ्यातल्या पैशाच्या बॅगेसकट, तिकिटाच्या मशीनसकट तुरीत पळाला; बॅग गाडीत सोडायची परवानगी नसते. सात मिनिटं गाडी उभी. तो परत चढला तेव्हा सगळे खिडकीबाहेर बघत होते, आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला,

"मास्तर, आमालेबी एक तिकीट द्या ना तिथलं!"

गाडी हसली. शाळेची पोरं तर पार चिखलीपर्यंत हसली.

त्यानंतर इंद्रभाननं ड्यूटीवर जेवण सोडलं, पाणी सोडलं. लग्नाला जाणं सोडलं. कुठल्याही गावात शिरला की तो आधी संडास कुठं आहे ते बघायचा. शेवटी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हलकं काम मिळालं, देऊळगाव राजाच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत. माईकवरून गाड्या पुकारायच्या. ज्या गाडीत आपण असायला हवं तिचं नाव आपणच घ्यायचं आणि तिला फलाटावरून जाताना बघायचं. संडास मात्र खिडकीच्या मागेच. गीताबाईला ही जागा म्हणजे देवानं दिलेली वाटली.

गावातलेच श्रेयस डॉक्टर वयानं लहान पण बोलायला ठाम. त्यांनी आधी रक्त तपासलं, मग जालन्याला पाठवून दुर्बीण घालून आतडं बघून घेतलं. रिपोर्ट हातात घेऊन म्हणाले, "इंद्रभानराव, आनंदाची गोष्ट आहे. जखम नाही, गाठ नाही, सूज नाही."

इंद्रभानला आनंद झाला नाही. "म्हंजे मी नाटक करून राह्यलो?"

"अजिबात नाही. दुखणं खरं आहे. असं बघा, आतडं आणि मेंदू दिवसभर एकमेकांना फोन करत असतात. तुमचा फोन जरा जास्तच वाजतो. नुसता वारा आला तरी रिंग होते. गोळ्यांनी रिंग थोडी कमी होईल. चहा किती घेता?"

"अकरा."

"कप?"

"नाई तर काय लिटर!"

चहा तीनवर आला, गोळ्या सुरू झाल्या, निम्मा फरक पडला. उरलेल्या निम्म्यासाठी श्रेयस डॉक्टरांनी जालन्याच्या दवाखान्यात दर दुसऱ्या गुरुवारी येणाऱ्या मधुवंती मॅडमचं नाव लिहून दिलं. मानसशास्त्राच्या, संमोहन शिकलेल्या, मूळच्या पुण्याच्या. "सगळ्यांनाच गुण येतो असं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण या पोटाच्या त्रासात बऱ्याच जणांना येतो. माझ्या गोळ्या सोडायच्या नाहीत, हे त्याच्यासोबत करायचं."

संमोहन शब्द ऐकल्यावर गीताबाई पहिल्या दिवशी सोबतच गेली. नवऱ्याच्या तोंडून कोण काय काढून घेतं ते तिला बघायचं होतं.

"तुम्हीही बसा ना," मॅडम म्हणाल्या. "लपवण्यासारखं काहीच नाही."

इंद्रभान आरामखुर्चीत बसला. खोलीत पंखा, एक टेबल, भिंतीवर आतड्याचं चित्र. ना लंबक, ना मेणबत्ती. मॅडमचा आवाज तेवढा मऊ.

"श्वास सावकाश... आता तुम्ही एका समुद्रकिनाऱ्यावर आहात. मऊ वाळू. लांबवर पाणी. आजूबाजूला कुणी नाही. अगदी मोकळं, मोकळं..."

इंद्रभाननं खाड्कन डोळे उघडले. "मॅडम, तिथं संडास कोणत्या बाजूले हाय?"

गीताबाईनं पदर तोंडात कोंबला. पण आधी मॅडमच हसल्या. अशा हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "मी मला आवडणारी जागा तुम्हाला दिली. तुम्हाला कुठं बरं वाटतं?"

इंद्रभाननं बराच विचार केला. "गाडीत."

"पण त्रास तर गाडीतच होतो ना?"

"तो आता आता. त्याच्याआधीचे तेरा वर्षं कुठं गेले?"

मॅडमनी वही उघडली. "मग मला तुमची गाडी दाखवा. सुरुवातीपासून."

त्यानं दाखवली. अंधारात उभी असलेली मुक्कामी गाडी. काचेवरचं दव. अर्जुनराव पुढच्या देवाच्या फोटोला अगरबत्ती लावतो, तिचा आणि डिझेलचा मिळून येणारा वास. पहिल्या बाकाचा गार पत्रा. चढणारी पहिली बाई, मेथीचं ओझं घेऊन. तो बोलत गेला आणि मॅडम लिहीत गेल्या. मध्येच त्यांनी विचारलं, "पाचची गाडी ना?"

"सव्वापाचची. पाचची जालन्याची."

"लिहिते. सव्वापाच."

दुसऱ्या खेपेला दुसरीच अडचण. इंद्रभान डोळे मिटेचना. अर्धे मिटायचा, पापणीखालून बघत राहायचा.

"भीती वाटते?"

"भीती नाई मॅडम. पण तुमी म्हणता मी गाडीत हाय. गाडीत कंडक्टरचा डोळा लागला तर चार्जशीट मिळते."

ही अडचण कुठल्याच पुस्तकात नसणार. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"इंद्रभानराव, गाडीत साठ माणसं बोलत असतात. इंजिन ओरडत असतं. पोरं भांडत असतात. त्यातच मागून एक म्हातारी हळूच म्हणते, 'मेरा चौकी'. तुम्हाला ऐकू येतं?"

"येतेच."

"आणि बाकीचा गोंगाट? तेव्हा तो कुठं जातो?"

"जात कुठीच नाई. असते. पण..." त्याला शब्द सापडेना. "असते पण आपल्यासाठी नसते."

"हेच संमोहन. याहून जास्त काही नाही. झोप नाही, गुंगी नाही. लक्ष एका जागी येतं, बाकीचं मागं सरतं. तुम्ही जागेच असता. नको वाटलं तर उठून जाता येतं. तुम्ही ड्यूटीवरच आहात."

ड्यूटीवरच आहात, या शब्दांवर इंद्रभाननं डोळे मिटले. बाकी गोष्टी सोप्या झाल्या. मॅडम सावकाश त्याची गाडी त्यालाच सांगू लागल्या. दव, अगरबत्ती, मेथी. त्याचे खांदे उतरले. श्वास लांबला. गीताबाईनं बाहेरच्या बाकावरून दाराच्या फटीतून बघितलं आणि तिला पंधरा वर्षांपूर्वीचा, फेरी संपवून घरी येऊन निवांत बसलेला माणूस दिसला.

"...गाडी निघाली आहे. रस्ता रिकामा आहे. अंढेरा मागं गेलं, आता मही येतंय..."

"मॅडम," डोळे मिटलेल्या इंद्रभाननं संथ आवाजात सांगितलं, "आधी मही येते."

"बरोबर. आधी मही." मॅडमच्या आवाजात हसू होतं, पण लय मोडली नाही. "आता या गाडीत एक प्रवासी आहे. घाईचा. थांबा नसताना तोच दोरी ओढतो. रोज ओढतो. त्याच्याजवळ जा. तुम्ही काय करता?"

इंद्रभानचे ओठ हलले. "भांडत नाई त्याच्याशी. भांडलं की ते जास्त ओढते. बाजूले उभा राह्यतो. म्हणतो, बापा, बस. तुहा थांबा येऊन राह्यला. दोरी माह्या हातात हाय."

"तो बसला?"

"बसून राह्यला हळूहळू."

"तुमचा हात पोटावर ठेवा. ऊब लागू द्या तिथं. त्याला बसू द्या."

त्या दिवशीचं सगळं मॅडमनी फोनवर रेकॉर्ड करून दिलं. रोज वीस मिनिटं, तेवढंच काम. आणि कागदावर, ठळक अक्षरात: गोळ्या चालू. ताप, रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काहीही झालं तर आधी डॉक्टर, मग मी.

सहा खेपा झाल्या. पहिल्या दोन महिन्यांत गीताबाईला काही दिसलं नाही. तिसऱ्यात दिसलं. इंद्रभान सकाळी दोन भाकरी खाऊन घराबाहेर पडला. मग एका रविवारी हिवरा आश्रमाला मेव्हण्याकडं जाऊन आला, एसटीनं, खिडकीशी बसून. उतरल्यावर आधी चहा मागितला. मेव्हण्याला यात विशेष काय ते कळलंच नाही. इंद्रभाननं घरी येऊन ते चार वेळा सांगितलं.

आणि इथंच त्यानं घोळ घातला. मॅडमच्या टेपनं एवढा गुण येतो तर सगळ्यालाच येईल, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. पावसाळ्यात गावाला नळाचं पाणी गढूळ आलं, घरोघर जुलाब लागले. इंद्रभानलाही लागले, अंगात तापही भरला. गीताबाई म्हणाली दवाखाना. तो म्हणाला, "तो घाईचा प्रवासी हाय. बसवतो त्याले." आणि कानात टेप घालून दोन दिवस पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला उभं राहता येईना. गीताबाईनं आणि शेजारच्या धम्मरत्ननं त्याला रिक्षात घातलं.

तीन सलाइन लागले. श्रेयस डॉक्टर सुईकडे बघत बोलले, "इंद्रभानराव, जंतूंना टेप ऐकू येत नाही."

मधुवंती मॅडम फोनवर त्याहून चिडल्या. "मी कागदावर काय लिहून दिलं होतं? ताप आला तर आधी कोण?"

"डॉक्टर."

"मग?"

"मॅडम, मले वाटलं तुमाले बरं वाटन."

"मला तुम्ही डॉक्टरांकडं वेळेवर गेलात की बरं वाटतं," त्या म्हणाल्या. आवाज उतरला होता.

गीताबाईचा विश्वास मात्र त्या सलाइनच्या बाटलीबरोबर थेंब थेंब संपला. आता हलक्या कामाची मुदत संपत आलेली. अर्ज दिला तर खिडकी कायमची; नाही दिला तर सोमवारी गाडी. चटणीच्या डब्याखाली तोच कागद होता.

"पगार तोच हाय ना?" तिनं पुन्हा विचारलं. आता भांडणाचा सूर नव्हता.

"पगार तोच हाय. मी तो नाई. खिडकीत बसून मी दिवसभर दुसऱ्याइचे थांबे वाचतो, गीता. मले एकबी माणूस दिसत नाई, नुसते हात दिसतात."

"लोक हसतील तवा?"

"हसतील. मागं हसलेच की. मेलो का मी?"

ती उठून आत गेली. कागद बिनसहीचाच राहिला. शनिवारी इंद्रभान श्रेयस डॉक्टरांचा फिट असल्याचा दाखला घेऊन चिखलीला देऊन आला. डॉक्टरांनी सोबत दोन वाक्यं बजावली होती: गोळी खिशात ठेवा, आणि लागलं तर लाज न धरता गाडी थांब्यावर पाच मिनिटं जास्त उभी करा, अख्खं राज्य थांबतं चहासाठी.

सोमवारी सव्वापाचच्या आधी अर्जुनराव इंजिन तापवत होता. "या मास्तर! मले वाटलं आता तुमी मेल्यावरबी भोंग्यातूनच बोलान."

"तुमी गाडी चालवा. बोलाले मी हाय."

मेथीची बाई चढली, दूधवाला चढला, आणि मग पुढच्या दारातून हातात भली मोठी पिशवी घेऊन गीताबाई चढली. इंद्रभानच्या हातातलं मशीन तसंच राहिलं.

"तू काऊन?"

"तिकीट द्या. बुलढाणा."

"बुलढाण्याले काय काम हाय?"

"प्रवाशाले काम विचारतात का? अर्धं द्या, बायांले अर्धं हाय. अन् येतानाबी येईन. उद्याबी येईन. रोज येईन."

"पिशवीत काय हाय?"

"पँट हाय. पाणी हाय. गोळ्या हायेत. विचारा अजून काही."

मेथीवाली खुदकन हसली. इंद्रभाननं अर्धं तिकीट काढून तिच्या हातात दिलं आणि दोन घंट्या दिल्या.

मही गेलं. गाडी भरली. तुरीची शेतं सुरू झाली तशी गीताबाई पुढच्या बाकाच्या कडेवर आली. इंद्रभान मागच्या बाजूला तिकिटं काढत होता. अचानक तो थांबला. तिनं ओळखलं. त्याचा डावा हात बॅगेखालून पोटावर गेला होता. कपाळावर घाम होता का, ते अंधुक उजेडात तिला दिसेना. ती उठली आणि डोक्यावरच्या दोरीला तिनं हात घातला.

"बाई!"

अख्ख्या गाडीला ऐकू गेलं. इंद्रभान माणसांमधून वाट काढत आला. जवळ आला तेव्हा आवाज खाली होता.

"खाली बस. थांबा येऊन राह्यला. दोरी सोड."

"तुमचं..."

"हाय. आली होती कळ. बस तू."

ती बसली. तो तिच्या बाकाला टेकून उभा राहिला, एक हात पोटावर, एक दोरीवर. डोळे उघडे, पण कुठंतरी लांब. श्वास लांब, सावकाश. मागून कुणीतरी दूध सांडल्याबद्दल भांडत होतं, ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. गीताबाई त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. अंढेरा आलं. माणसं उतरली, चढली.

"अंढेरा झालं, पुढं सरका, पुढं सरका, मधी काय खांब हायेत का?" इंद्रभानचा खणखणीत आवाज आला, आणि तिनं दाबून धरलेला श्वास सोडला.

मेरा चौकीला त्यानं अर्जुनरावाला हाक मारली. "पाच मिनिटं हां."

"दहा घ्या. मलेबी चहा पाह्यजे."

तो स्टँडमागं जाऊन आला. त्याच्या मागोमाग दूधवालाही जाऊन आला. कुणी काही बोललं नाही. एक जण म्हणाला, "मास्तर, लवकर चला, कचेरीत साहेब येईन," तेवढंच.

चिखलीला उजाडलं होतं. निम्मी गाडी उतरली. इंद्रभान खाली उभा राहून बुलढाण्याची माणसं चढवत होता, "चला बुलढाणा, बुलढाणा, बसून जागा हाय!" गीताबाई आपली पिशवी काखोटीला मारून पायरीवर आली आणि खाली उतरली.

"अवं, कुठं?" तो म्हणाला. "तुहं तिकीट बुलढाण्याचं हाय ना?"

"पँटचं काम नाई पडलं," म्हणत गीताबाईनं पदर नीट केला, रिकाम्या होत चाललेल्या फलाटावरून वाट काढली, आणि मागं वळून न बघता स्टँडच्या फाटकातून बाजाराच्या बाजूला चालू लागली.